क्रेटच्या कडेखालची विडो: ओळखायची कशी, ठेवायची कुठे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडकडची हापूसची बाग, मोसम संपल्यावर मांगरात रचून ठेवलेले प्लास्टिकचे क्रेट, ते धुवायला बाहेर काढले तर एकाच्या कडेखालच्या खाचेत तपकिरी कोळी. पोटाखाली नारिंगी खूण, शेजारी दोन काटेरी गोळे. तुम्ही तो गोळ्यांसकट बरणीत भरलात. आता विचारताय की ही ब्लॅक विडो, म्हणजे तो नावाजलेला विषारी कोळी, आहे का, ती पाळता येईल का, की आजी म्हणते तसं, ‘मारून टाक रे तेका’, करून मोकळं व्हावं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या गोळ्यांनीच दिलंय. वाटाण्याएवढा, फिकट पिवळसर आणि सगळ्या अंगावर रेशमाचे टोकदार खुंट असलेला अंडकोश आपल्याकडे दिसणाऱ्या विडोंपैकी फक्त ब्राउन विडो करते. शास्त्रीय नाव लॅट्रोडेक्टस जिओमेट्रिकस. नुसत्या गोळ्याचा फोटो आला तरी मी हे नाव खात्रीनं सांगेन. वरून काढलेला नुसत्या कोळ्याचा फोटो आला तर नाही सांगणार, कारण तिचा रंग फार फसवा असतो. कधी राखाडी, कधी उदी, कधी जवळजवळ काळा, आणि पिल्लं तर पांढऱ्या पट्ट्यांची. पायांवर मात्र गडद-फिकट पट्टे बहुतेक वेळा दिसतात आणि पोटाखाली डमरूच्या आकाराची नारिंगी किंवा पिवळसर खूण असते. ती खूण पाहायला कोळी उलटा करायची गरज नाही. मादी रात्री स्वतःच जाळ्यात पाठ जमिनीकडे करून लटकते. टॉर्च आणि छोटा आरसा पुरतो.

ही जात मूळची बहुधा आफ्रिकेतली. मालाबरोबर, कुंड्यांबरोबर, बांधकामाच्या सामानाबरोबर ती जगभरच्या उष्ण मुलखात पसरली. भारतातून तिची पहिली शास्त्रीय नोंद २००७ साली छापून आली. त्याआधी ती इथे नव्हतीच असं कोणी समजू नये. पाहणारं कोणी नव्हतं इतकंच. तुमच्या क्रेटमध्ये ती का सापडली हेही यातून कळतं. क्रेटच्या काठाला खालून जी दुमड असते, ती तिला हवी तशी जागा आहे: वरून झाकलेली, खालून मोकळी आणि जूनपासून मार्चपर्यंत कोणी हात न लावलेली. याच कारणानं ती प्लास्टिकच्या खुर्चीच्या बैठकीखाली, कुंडीच्या ओठाखाली, मीटरच्या पेटीत, लोखंडी गेटच्या बिजागरीमागे, उभ्या करून ठेवलेल्या स्कूटरच्या मडगार्डमध्ये सापडते. जंगलात तिला शोधायला जाऊ नका. ती माणसाच्या सामानात राहते.

आता खऱ्या काळ्या विडोबद्दल. चित्रपटांतून आणि इंटरनेटवरून डोक्यात बसलेली तकतकीत काळी, पोटावर लाल डमरू असलेली मादी अमेरिकेतली आहे, ती आपल्याकडे राहत नाही. भारतात पाठीवर लाल पट्टा असलेल्या काळ्या विडो आहेत, ऑस्ट्रेलियातल्या रेडबॅक नावाच्या विडोच्या जवळच्या. २००१ साली बडोदा जिल्ह्यातल्या कपाशीच्या शेतातून अशा मादीची नोंद छापून आली होती. कपाशीचं शेत म्हणजे कोरडी, उघडी जमीन. कोकणच्या पागोळ्यांत आणि शेवाळात मला ती अजून भेटलेली नाही. मला ‘काळी विडो’ म्हणून पाठवलेले इथले बहुतेक फोटो भलत्याच कोळ्यांचे निघतात.

म्हणून सांगतो, रंग शेवटी पाहा, जाळं आधी पाहा. विडोचं जाळं गोल चकतीसारखं नसतं. वर कोपऱ्यात विस्कटलेल्या धाग्यांचा गुंता, त्यात एक आडोसा, आणि गुंत्यातून जमिनीकडे ताणलेले उभे धागे. या उभ्या धाग्यांच्या खालच्या टोकाला चिकट थेंब असतात. मुंगी किंवा झुरळ त्याला लागलं की धागा जमिनीपासून तुटतो आणि सावज वर उचललं जातं. मग मादी मागच्या पायांनी रेशीम फेकून त्याला गुंडाळते. या कुळातल्या कोळ्यांच्या चौथ्या पायावर फणीसारखे केस असतात, ते याच कामासाठी. आणखी एक खूण हाताला कळते: जाळ्यातून काडी ओढलीत तर घरातल्या साध्या जळमटासारखं ते निमूट गोळा होत नाही, ताणून धरतं आणि तटतट तुटतं.

हे जाळं नसेल तर विडो नाही. पडवीच्या वाशाखाली नळीसारखा आडोसा करून बसणारा कोळी वेगळा. आगरात दोन पोफळींच्या मध्ये सोनेरी धाग्याचं दारभर जाळं घालणारी हातभर मोठी वाटणारी मादी म्हणजे नेफिला. दिसायला भयंकर, स्वभावानं गरीब. जाळ्याच्या मध्यभागी नागमोडी पांढरी सही करणारा आर्जिओपी. भिंतीवरून रात्री भर्रकन पळणारा, पोटाखाली चपटी पांढरी चकती घेऊन फिरणारा मोठा तपकिरी कोळी जाळंच घालत नाही; तो हंट्समन, आणि झुरळं खातो. त्याला मारणाऱ्या घरात झुरळांची औषधं जास्त खपतात असं माझं निरीक्षण आहे. विडोची खरी जुळी म्हणावी अशी स्टिअटोडा, म्हणजे खोटी विडो. तिचं पोट तसंच गोल, जाळंही तसंच गुंत्याचं, पण खाली डमरू नाही आणि अंडकोश मऊ कापसासारखा, काटे नसलेला.

पावसाळ्यात लाकडं हलवताना आणखी दोघं निघतात आणि घरात आरडाओरडा होतो. एक काळा, विंचवासारखा, पण नांगीच्या जागी बारीक चाबकासारखी शेपटी असलेला. डिवचला की व्हिनेगरचा वास येतो, कारण तो तसलंच आम्ल फवारतो. त्याला विष नाही. दुसरा चपटा, पुढचे दोन पाय बारीक दोऱ्यासारखे लांब, जुन्या भिंतींच्या फटींत राहणारा, त्यालाही विष नाही. आणि मृगाचा किडा, जो आपण पोरपणी तळहातावर घेऊन फिरलो, तोही याच आठ पायांच्या घराण्यातला, हे लोकांना सांगितलं की पटत नाही.

‘कोळी मुतला’ म्हणून अंगावर जळजळीत फोडांचा पट्टा घेऊन लोक येतात, त्याबद्दलही इथेच सांगून टाकतो. पावसाळ्यात दिव्यावर येणारा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा तांदळाएवढा एक भुंगेरा आहे. अंगावर चिरडला की त्याच्या रसानं कातडी भाजते. कधी तो पट्टा म्हणजे नागीण हा आजारही असतो. कोळ्याचा यात काही संबंध नसतो.

चावण्याबद्दल खरं ते सांगतो, घाबरवतही नाही आणि थापाही मारत नाही. विडोच्या विषात अल्फा-लॅट्रोटॉक्सिन असतं. ते मज्जातंतूंच्या टोकांवर जाऊन तिथला रासायनिक साठा एकदम सोडायला लावतं. त्यामुळे वेदना चावल्या जागेवरून वर चढत जाते, घाम फुटतो, स्नायूंना पेटके येतात, पोट कडक होतं, रक्तदाब वाढतो. पोट इतकं कडक होऊ शकतं की पोटातलाच काही आजार आहे असं डॉक्टरांना वाटावं. पण ब्राउन विडो चावताना विष फार थोडं सोडते; बहुतेक वेळा जागेवर दुखतं, लाल होतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. शिवाय ती चावायला येत नाही. धक्का लागला की पाय आखडून मेल्यासारखी खाली पडते. चावते ती दाबली गेल्यावर: क्रेट उचलताना काठाखाली बोटं गेली, खुर्ची ओढली, वाळत घातलेल्या हातमोज्यात हात घातला, अशा वेळी. नर तर इवलासा असतो, त्याची भीती नको.

चावलीच तर जागा साबणानं धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. दोरी बांधू नका, चीर देऊ नका, चुना-हळद थापू नका. कोळी सापडला तर फोटो काढा. दुखणं पसरू लागलं, घाम सुटला, पोट आवळलं किंवा चावलेली व्यक्ती लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई अथवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर थेट ग्रामीण रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना ‘विडो कोळी’ हे शब्द सांगा. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवरची आहे. कोळ्यावर ती चालत नाही, मागूही नका. ऑस्ट्रेलियात रेडबॅकवरची लस १९५६पासून आहे, पण तिथेच २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या वेदनाशामकांच्या तुलनेत तिचा विशेष फायदा दिसला नाही. म्हणजे लस नाही म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही. दुखणं आणि पेटके आटोक्यात आणणं हाच उपचार, आणि तो तालुक्याच्या ठिकाणी होतो.

कोकणात आठ पायांच्या प्राण्यांनी माणसं मारली ती वेगळ्याच दोघांनी. पहिला लाल विंचू. चिऱ्यांच्या ढिगाखाली, गडग्यात, सड्यावरच्या दगडांखाली असतो. ओळखायचा साधा नियम: पुढचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड असेल तर घातक, चिमटे खेकड्यासारखे मोठे आणि शेपटी बारीक असेल, ती मोठी काळी इंगळी, तर दुखेल खूप पण जिवावरचा धोका कमी. लाल विंचवाच्या दंशात घाम, उलट्या, हातपाय गार पडणं आणि मग फुप्फुसात पाणी, असा प्रवास होतो आणि पोरं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगड जिल्ह्यातल्या या रुग्णांवर वर्षानुवर्षं काम करून प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वेळेत देण्याची पद्धत रूढ केली. पुढे विंचवाची लस आणि प्राझोसिन एकत्र दिल्यावर रुग्ण लवकर सावरतात हेही २०११ साली दाखवून दिलं. त्यामुळे विंचू उतरवणाऱ्याकडे अर्धा तास घालवणं आज अक्षम्य आहे. अतिनील टॉर्च घेऊन रात्री मांगराभोवती फेरी मारा. विंचू हिरवट-निळा चमकतो. नुकती कात टाकलेला मात्र चमकत नाही, तेव्हा ‘टॉर्चनं पाहिलं, काही नाही’ एवढ्यावर अनवाणी फिरू नका.

दुसरी गोचीड. २०१६पासून दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या भागात माकडतापाचे रुग्ण निघाले, माणसं गेली, आणि तो ताप पसरवते जंगलातली गोचीड. काजूच्या बागेत पानं गोळा करायला जाताना पूर्ण बाह्या आणि घरी आल्यावर अंग तपासून आंघोळ, याचं महत्त्व तुमच्या बरणीतल्या विडोपेक्षा कितीतरी जास्त आहे.

आता पाळण्याविषयी. ब्राउन विडो पाळता येते आणि नवशिक्यालाही जमते. पण विडो पाळण्यात पाळण्यासारखं फार थोडं असतं हे आधीच सांगतो. ती आयुष्यभर एका वीतभर जागेत बसून राहते. हातात घ्यायची नसते, ओळख ठेवत नाही, दिवसा दिसतही नाही. पाहण्यासारखं काय, तर शिकार, जाळं दुरुस्त करणं आणि अंडकोश विणणं, तेही रात्री. हे सगळं ती क्रेटखाली असतानाही दिसलं असतं. तरी ठेवायचीच असेल तर नीट ठेवा.

तुमची बरणी काचेची आणि झाकणाला वर चार भोकं पाडलेली असणार, सगळे तसंच करतात. कोकणात कोळी भुकेनं किंवा तहानेनं मरत नाही, तो दमट हवेनं मरतो. जुलैमध्ये हवा इतकी ओली असते की बंद बरणीत तीन दिवसांत बुरशी येते, मग बारीक पांढरे किडे, आणि मग कोळी आडोशातून खाली येऊन तळाशी बसून राहतो. तो खाली बसू लागला म्हणजे वेळ गेली. म्हणून पारदर्शक प्लास्टिकचा उभा डबा घ्या, समोरासमोरच्या दोन बाजूंना तापवलेल्या सुईनं पुष्कळ बारीक भोकं पाडा, म्हणजे हवा आरपार जाईल. तळाला माती, नारळाचा भुसा, ओला कापूस काहीही नको. कोरडा कागद पुरे. आत दोन-तीन करकरीत सुक्या काटक्या तिरक्या बसवा. काटक्या झाकणाला टेकू देऊ नका, नाहीतर ती जाळं झाकणाला बांधेल आणि प्रत्येक वेळी डबा उघडताना घर मोडेल, शिवाय ती तुमच्या बोटांजवळ येईल. खायला घालण्यासाठी बाजूला बोटाएवढं भोक ठेवून त्याला कापसाचा घट्ट बोळा लावा.

खाणं आठ-दहा दिवसांतून एकदा: झुरळाचं पिल्लू, नाकतोडा, माशी. फवारणी केलेल्या बागेतला किडा कधीही नको. भूक पोटावरून कळते. पोट ताणलेलं गोल असेल तर राहू द्या, सुरकुतलं तर द्या. ती आठवडेच काय, महिनेही उपाशी काढू शकते. तिच्या उपासानं कळवळून रोज किडे टाकणारे लोकच डबा सडवतात. खाल्लेल्या किड्याचं टरफल चिमट्यानं काढून टाका. पाणी म्हणजे आठवड्यातून एकदा जाळ्यावर ड्रॉपरनं दोन थेंब, तेही दिवाळीनंतर कोरडे वारे सुरू झाल्यावर. पावसात तेही नको. डबा पाण्याच्या ताटलीत ठेवलेल्या वाटीवर ठेवा, नाहीतर मुंग्या एका रात्रीत काम उरकतील. आणि डब्यावर गाव, जागा, तारीख लिहून चिकटवा. तशी नोंद, पोटाच्या खालच्या बाजूच्या फोटोसकट, आयनॅचरलिस्ट या जीवजंतूंच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर तिचा उपयोग पुढच्या अभ्यासकाला होईल. कोकणातून अशा नोंदी हव्या आहेत.

हलवायचं झालं तर पेला आणि जाड कागद, किंवा लांब चिमटा आणि मऊ ब्रश. हात नाही, हातमोज्यातला हातही नाही. घरात रांगतं मूल असेल तर हा छंद त्या घरात नको.

पाळण्याच्या नादात एक पायरी पुढे जाणारे असतात, म्हणून कायद्याचंही बोलतो. आंब्या-फणसाच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ, सुंदर नक्षीचे टॅरंट्युला, पोइसिलोथेरिया, २०१९पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या यादीत आहेत, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्यात अशा प्रजातींसाठी वेगळी अनुसूची आली. ते पकडणं, विकणं, कुरिअरनं मागवणं यात पडू नका. त्यांचा दंशही साधा नसतो, पेटके येतात. लाल विंचू बरणीत ठेवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्या घरच्यांशी बोलतो.

राहिले ते दोन गोळे. प्रत्येकात शंभराच्या वर अंडी असू शकतात, आणि पिल्लं इतकी बारीक निघतात की तुम्ही हवेसाठी पाडलेल्या भोकांतून सरळ बाहेर येतील आणि धाग्यावर तरंगत घरभर जातील. म्हणून ते आजच काढा. लांब चिमट्यानं उचलून झाकणाच्या डबीत घाला आणि दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, डबीवर ‘खाऊ नये’ असं ठळक लिहून. बाहेरून आलेली जात आहे, तिची पुढची पिढी मुद्दाम वाढवायचं काही कारण नाही. मादी नको झाली तर दुसऱ्याच्या बागेत किंवा सड्यावर नेऊन ‘मुक्त’ करू नका. तसं करणं म्हणजे आपल्या हातानं तिला पसरवणं. एक तर मरेपर्यंत सांभाळा, नाहीतर तीही फ्रीझरमध्ये. आजीचं म्हणणं या एका बाबतीत चूक नाही, फक्त तिनं चप्पल मारायला हात खाली घालू नये.

बाकीच्या क्रेटचं काम असं करा. पुढच्या खेपेला क्रेट उलटे करून उन्हात मांडा, काठाच्या खाचांतून आधी कुंचा किंवा कडक ब्रश फिरवा, मगच पाइपचं पाणी. पाणी आधी मारलंत तर कोळी आत दडून बसतात. गड्यांना जाड हातमोजे द्या आणि घालण्याआधी ते झटकायला सांगा. काटेरी गोळा दिसेल तो चिरडा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. फवारा मारायची गरज नाही. त्यानं विडो आडोशात तशीच राहते आणि झुरळं खाणारा हंट्समन आधी मरतो. नंतर क्रेट जमिनीवर न रचता फळीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचा आणि मधून एकदा, गणपतीच्या साफसफाईत म्हणा, ढीग हलवा. हलत्या सामानात ती घर करत नाही.